एक माणूस कमी

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी, चहाच्या आधी.

आजपासून रोज लिहायचं. संकटाच्या काळात शांत डोक्याच्या माणसाने काय काय विचार केला, हे कुठेतरी राहायला हवं. घरात शांत डोक्याचा माणूस मी एकटाच. म्हणून मीच लिहितो.

परिस्थिती अशी. लेक परदेशात. पहिलं बाळंतपण, वीस तारखेच्या आसपास. आम्हा दोघांची तिकिटं बाराची, कधीच काढून ठेवलेली. आणि गेल्या आठवड्यात तिकडच्या निवडणुकीचा निकाल लागला तो कुणालाच पटला नाही. मोर्चे, दगडफेक, जाळपोळ. टीव्हीवर दिवसभर एकच टायर जळतोय.

जायचं की नाही, हा प्रश्न. बायकोच्या मते हा प्रश्नच नाही. ती बॅग भरून मोकळी. पण बायको बालवाडीत शिकवते. मी बादल्यांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे. प्लॅस्टिक पेटलं की काय होतं ते मला विचारा. तेव्हा निर्णय मी घेणार, आणि भावनेच्या भरात नाही, पद्धतशीर घेणार.

उद्या संध्याकाळपर्यंत निर्णय. नक्की.

४ ऑक्टोबर, मंगळवार.

धोक्याचा आकडा काढला. आमच्या लाइनमध्ये असं असतं. गोष्ट घडायची शक्यता किती, तिला पाचपैकी मार्क. घडली तर नुकसान किती, त्याला पाचपैकी मार्क. दोन्हींचा गुणाकार. सकाळी बारा आले. म्हणजे पिवळा. जायला हरकत नाही, काळजी घ्यावी.

संध्याकाळच्या बातम्यांत तिकडे राजधानीत एक अख्खं मार्केट जळताना दाखवलं. पुन्हा आकडा काढला. वीस. लाल.

बायकोने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, लाल. ती म्हणाली, लाल म्हणजे जायचं की नाही जायचं? म्हटलं, लाल म्हणजे फेरविचार. ती म्हणाली, फेरविचार कधी? म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. ती स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त येत होता. घाबरलीय बिचारी.

५ ऑक्टोबर, बुधवार.

किट आणलं. हेल्मेट, अंधारात चमकणारं जॅकेट, टॉर्च, शिट्टी, डोळ्यांसकट चेहरा झाकणारा धुराचा मास्क, दोर. ही म्हणाली, दंगलीत सगळे लपणार आणि तुम्ही तेवढे चमकणार? दुर्लक्ष केलं. नियम तो नियम.

संध्याकाळी घरात मॉक ड्रिल घेतलं. प्रसंग: बाहेर जमाव, आत धूर. सगळ्यांनी रांगत दारापर्यंत यायचं, जिना उतरून खाली पार्किंगमध्ये जमायचं. आई ऐंशीची आहे. म्हणाली, वर्षाची होते तेव्हा रांगले, तेवढं पुरे. आणि ताठ चालत गेली. बायको गॅस बंद करून, आईच्या गोळ्या, पाण्याची बाटली नि किल्ल्या घेऊन सगळ्यांच्या आधी खाली. माझ्या हेल्मेटचा पट्टा दाराच्या कडीत अडकला. सोडवेपर्यंत वेळ गेला.

नोंद: सर्वांत शेवटी बाहेर पडणं हे ऑफिसरचं कर्तव्यच असतं.

निर्णय शुक्रवारपर्यंत.

७ ऑक्टोबर, शुक्रवार. कारखान्यातून आल्यावर.

काय दिवस होता! मला निरोप समारंभ. मी फक्त रजेचा अर्ज दिला होता, त्यावर तिकडचा पत्ता लिहिला होता. तो पत्ता मॅनेजरने वाचला आणि त्याच्या अंगावर काटा आला म्हणे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या शिफ्ट मोल्डिंग मशिनांपाशी गोळा केल्या. मॅनेजर म्हणाला, सगळे तिकडून पळून येताहेत आणि आपला माणूस तिकडे निघालाय. टाळ्या थांबेनात. कामगारांनी वर्गणी काढून नारिंगी रंगाची चाकांची बॅग दिली. पॅकिंगमधल्या मावशींनी तर डोळे पुसले.

अशा वेळी निर्णय अजून व्हायचाय असं कसं सांगणार? मी चार शब्द बोललो. घाबरणं माझ्या रक्तातच नाही, असं काहीतरी बोलून गेलो. माझाच आवाज ऐकून मला भरून आलं.

चार्ज असिस्टंटकडे दिला. त्याला सगळे येस-सर म्हणतात, कारण दुसरं काही बोलतच नाही तो. स्वतःचं डोकं शून्य, पण सांगितलं तेवढं अक्षरशः करतो. त्याला पुन्हा एकदा पहिला नियम घोकून घेतला. जमायच्या जागी मोजणी. एक माणूस कमी भरला तरी कुणी जागचं हलायचं नाही. तो सापडेपर्यंत फोन करायचे, वर कळवायचं, त्याच्याही वर कळवायचं, लाजायचं नाही, थांबायचं नाही. तो म्हणाला, येस सर.

९ ऑक्टोबर, रविवार.

ठकीचा फोन. ठकी म्हणजे लेक, लहानपणापासून तेच. तिकडे संध्याकाळपासून सकाळपर्यंत संचारबंदी आहे. हॉस्पिटल नदीच्या पलीकडे, आणि पूल कधी चालू कधी बंद. जावईबापू कामासाठी दुसऱ्या गावी गेले ते रस्ते बंद झाल्याने तिथेच अडकलेत. म्हणजे ती घरात एकटी. खालच्या मजल्यावरची बाई दूध आणून देते.

तिने विचारलं, बाबा, येताय ना?

मी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. शक्यता, नुकसान, गुणाकार. प्रक्रिया चालू आहे म्हणून सांगितलं. ती काहीच बोलली नाही. बहुधा लाइन खराब होती. मग फोन हिच्याकडे दिला, तेव्हा लाइन बरी झालेली दिसली, कारण दोघी अर्धा तास बोलत होत्या.

आजचा आकडा सोळा. नारिंगी. नारिंगी म्हणजे तसं लालही नाही आणि पिवळंही नाही. तज्ज्ञाच्या कसोटीची वेळ.

१० ऑक्टोबर, सोमवार.

निर्णय झाला! तिकिटं बारावरून सोळावर ढकलली. दोघांची. विमान कंपनीला सकाळी मीच फोन केला. चार दिवसांत चित्र स्पष्ट होईल. न जाण्याचा हा निर्णय नाही. ज्यांना सेफ्टीतलं कळतं त्यांना फरक कळेल.

मुख्य कारण बायको. ती मुळातच भित्री. भिंतीवर पाल दिसली तर खोली सोडते. तिला त्या वणव्यात कसं न्यायचं? माझं एकट्याचं असतं तर मी कालच गेलो असतो.

तिला सांगितलं तेव्हा ती इस्त्री करत होती. इस्त्री खाली ठेवली, स्विच बंद केला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं. एक शब्द नाही. मूक संमती.

आई मात्र बोलली. लहानपणी पोहायला जायचास तेव्हा उंच फळीवर सगळ्यांच्या आधी चढायचास, म्हणाली. मग पाणी फार गार आहे असं सगळ्यांना वरूनच सांगून शिडीने खाली उतरायचास. पाणी खरंच गार असायचं. पण आईशी कोण वाद घालणार?

१२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी.

एक तांत्रिक अडचण. कारखान्याच्या हिशेबी मी आज विमानात. त्यामुळे कामावर जाता येत नाही. खिडकीतही उभं राहता येत नाही, कारण समोरच्या चौकात कारखान्याची बस थांबते. पडदे ओढून बसलोय.

न्हाणीघरात फोनवर बातम्या बघत होतो. तिथे नेटवर्क चांगलं येतं. बाहेरून हिने दारावर टकटक केलं. म्हणाली, अहो, मी निघाले. मी म्हटलं, बरं, येताना ब्रेड आण. ती जरा वेळ दारापाशीच उभी होती. मग गेली.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

ब्रेड नाही. बायकोही नाही.

आईला विचारलं, ही कुठे राहिली? आई टीव्ही बघत होती. मान न वळवता म्हणाली, आत्ता? ढगात असेल.

परवा मी तिकिटं ढकलली, त्याच दुपारी हिने फोन करून स्वतःचं तिकीट पुन्हा आजचं करून घेतलं. आईला सगळं माहीत होतं. बॅगेत बाळाची दुपटी आईने स्वतः घडी करून ठेवली. मला कुणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण न्हाणीघराच्या दारातून सांगणं हे सांगणं नव्हे.

किट तपासलं. टॉर्च नाही. शिट्टी नाही. हेल्मेट नि जॅकेट ठेवून गेलीय.

आता शांत डोक्याने विचार केला. आमच्यात मोठ्या कामाआधी एकजण पुढे जाऊन पाहणी करतो. ॲडव्हान्स पार्टी. ही माझ्या मनात पहिल्यापासून असलेलीच योजना. तिने फक्त थोडी लवकर अमलात आणली.

१३ ऑक्टोबर, गुरुवार.

पोचली. ठकी फोनवर हसत होती नि रडत होती. विमानतळावर काही झालं नाही, टॅक्सीवाल्याने गल्लीबोळांतून आणून सोडलं. दोघी आनंदात. माझ्याबद्दल काही विचारलं नाही. योजना पटलेली दिसते.

येस-सरचा मेसेज: पोचलात का साहेब? मी लिहिलं: पोचलो. हे खोटं नाही. कुटुंब पोचलं, आणि कुटुंबप्रमुख म्हणजे कुटुंबच. भावार्थ लक्षात घ्यायचा.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार.

कारखान्याच्या ग्रुपवर माझ्या नावाने नुसता पूर आलाय. साहेब जपा. साहेब काय परिस्थिती. काहीतरी कळवणं भाग होतं. लिहिलं: वातावरण तणावपूर्ण, पण नियंत्रणात. घरातलं वातावरण खरंच तणावपूर्ण आहे. फोटो मागितला. मागच्या खिडकीतून पडक्या कुंपणाचा काढला, हात हलवून जरा धूसर केला. मॅनेजरने लिहिलं, तुमच्या धैर्याला सलाम.

दुपारी दाराची बेल. खालचे औषधवाले आईच्या गोळ्या घेऊन आले. त्यांचा मेहुणा आमच्या पॅकिंगमध्ये आहे. मी फ्रिजच्या मागे. आईने सांगितलं, तो तर परदेशी गेलाय. तेवढ्यात मला शिंक आली. आई म्हणाली, मांजर. औषधवाले म्हणाले, मोठं दिसतंय. आई म्हणाली, मोठं आहे, पण निरुपद्रवी.

नंतर पाय चेपून घेतले माझ्याकडून. प्रत्येक खोट्यामागे एकदा, असा तिचा दर आहे.

१५ ऑक्टोबर, शनिवार.

सकाळपासून तिकडचा फोन लागत नाही. रिंगच जात नाही. बातम्यांत सांगितलं, तिथल्या सरकारने रात्रीतून सगळे फोन नि इंटरनेट बंद केलंय. पूल बंद. रस्त्यावर रणगाडे दाखवले. खरे. टायरवाला कार्यक्रम संपला.

आई तिचा बटणांचा फोन मांडीवर घेऊन बसलीय. टीव्ही तिनेच बंद केला. जेवायला बसलो आणि तसेच उठलो.

मला भीती वाटतेय. म्हणजे त्यांच्यासाठी.

त्यात भर म्हणजे येस-सर. तासातासाला फोन. आता तिकडे फोन बंद असताना माझा फोन वाजतो, हे कसं दिसेल? फोन बंद करून ठेवला. मग वाटलं, हिचा आला तर? चालू केला. लगेच येस-सर. बंद केला. दुपारभर हेच. शेवटी बंदच ठेवला. हिला गरज पडली तर आईच्या फोनवर करेल. तिला नंबर पाठ आहे. असेलच पाठ.

हेल्मेट घालून बसलोय. डोक्यावर काहीतरी असलं की बरं वाटतं.

१६ ऑक्टोबर, रविवार.

आज मी निघणारच होतो. बॅग दारात होती. नारिंगी. रिकामी होती, पण दारात होती. सकाळी कळलं, तिकडचा विमानतळ बंद, फ्लाइट रद्द. काय म्हणावं या लोकांना! ऐन वेळी कच खातात. आईला तसं म्हणालो. आई माझ्याकडे बघून हसली नाही, हेच बरं.

पाच मिनिटं फोन चालू केला. ग्रुपवर येस-सरचा मेसेज: साहेबांशी संपर्क तुटला. काल ड्रिलच्या मोजणीत एक माणूस कमी. नियमाप्रमाणे प्रोसिजर सुरू केली आहे. मॅनेजरला कळवलं. वकिलातीला कळवलं. पत्ता दिला, फोटो दिला.

गाढव. पण शिकवलंय कुणी, ते दिसतं. एक पायरी चुकवली नाही त्याने.

खरं सांगून टाकायला हवं. सोपं आहे. मी घरी आहे, एवढे तीन शब्द. उद्या सकाळी शांत डोक्याने कळवतो.

१७ ऑक्टोबर, सोमवार.

दिवसभर मसुदा चालू आहे. अपरिहार्य कारणांमुळे प्रस्थान लांबणीवर, हे बरं वाटतंय. पण मग गुरुवारचं ‘पोचलो’ कसं बसवायचं? तो सलामवाला मेसेज, त्याखाली सगळ्या शिफ्टचे अंगठे. मावशींचे हात जोडलेले.

दुपारी ग्रुपवर नवीन बातमी. वकिलात तिकडे अडकलेल्या आपल्या माणसांना बसने नदीपलीकडे सुरक्षित भागात हलवणार आहे. येस-सरच्या पाठपुराव्याने यादीत ठकीच्या घराचा पत्ता आलाय. नावं तीन. ठकी, बायको आणि मी.

आधी घाम फुटला. मग लक्षात आलं, अरे, पलीकडेच तर हॉस्पिटल! माझ्या एका छोट्याशा गैरसमजामुळे या दोघींना बस मिळाली. मी तिथे गेलो असतो तर हे झालं असतं का? नसतं. तेव्हा आत्ता मध्येच खरं सांगून गोंधळ घालणं हेच बेजबाबदारपणाचं. बस सुटली की सांगू.

आई म्हणाली, कळव रे बाबा त्यांना. म्हटलं, योग्य वेळी. ती म्हणाली, तुझी योग्य वेळ मी साठ वर्षं बघतेय.

१८ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी.

आईचा फोन वाजला. ही होती. हॉस्पिटलमधून, वकिलातीच्या सॅटेलाइट फोनवरून. आईने फोन स्पीकरवर टाकला नि माझ्यासमोर टेबलावर ठेवला. सगळं लिहून काढतो, नाहीतर माझं मलाच पुढे खोटं वाटेल.

बस काल संध्याकाळी आली. संचारबंदीला थोडाच वेळ होता, त्यानंतर पूल बंद होणार होता. ठकीला दुपारपासून कळा सुरू होत्या. हिने तिला धरून धरून खाली आणलं, बसमध्ये चढवलं. बस भरलेली, लहान मुलं, म्हातारी माणसं. वकिलातीतल्या बाईने नावं वाचली, डोकी मोजली. एक माणूस कमी.

बाई म्हणाली, मोजणी पूर्ण झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. माझं मन म्हणालं, शाब्बास, आमच्याच लाइनची. मग लक्षात आलं, कमी तो मीच.

हिने सांगितलं, ते आलेले नाहीत. बाईने माझा फोटो दाखवला, कारखान्याचं पत्र दाखवलं, मी पोचलो म्हणून लिहिलेलं दाखवलं. पडक्या कुंपणाचाही फोटो होता. बाईने त्याच सॅटेलाइट फोनवरून माझा नंबर लावला. बंद. बाई म्हणाली, इकडचे सगळे फोन बंदच आहेत, म्हणजे माणूस इथेच कुठेतरी आहे. बसमधले दोघे उतरून जिन्यात बघून आले. एकजण गच्चीवर गेला. खालच्या मजल्यावरची दूधवाली बाई रस्त्यात उभी राहून माझ्या नावाने हाका मारत होती. लांबून गोळीबाराचा आवाज येत होता.

हे सगळं ही सरळ आवाजात सांगत होती, बालवाडीत गोष्ट सांगावी तसं.

म्हणाली, ठकी खिडकीची काच सरकवून रस्त्याकडे बघत होती. कळ आली की डोळे मिटायची आणि उघडले की परत बघायची. मला म्हणाली, आई, पत्र आलंय म्हणजे आले असतील गं बाबा. रस्त्यात अडकले असतील. थांबूया थोडं.

हिला तिच्यासमोर बोलवेना. थोडा वेळ हीही बसून राहिली. सगळी बस थांबलेली, मी येईन म्हणून.

मग ड्रायव्हर म्हणाला, आता निघालो नाही तर पूल मिळणार नाही. तेव्हा ही उठून उभी राहिली, खिशातून माझी शिट्टी काढली नि जोरात फुंकली. सगळे गप्प. ही म्हणाली, तो माणूस आलेलाच नाही. तो घरी आहे, आपल्या घरी, पडदे लावून बसलाय. मी त्याची बायको आहे, मला माहीत आहे. नाव खोडा आणि गाडी सोडा.

बाईने विचारलं, खात्री आहे? ही म्हणाली, तीस वर्षांची.

आधी एक म्हातारा हसला, मग सगळी बस हसायला लागली. किती दिवसांनी हसत होते कोण जाणे. ठकी हसली नाही. तिने काच लावून घेतली.

शिपाई पुलावर आडवं लाकूड टाकतच होते. त्यांनी बस तेवढी सोडली.

मुलगी झाली. पहाटे. दोघी सुखरूप.

आई रडत होती, हसत होती, दोन्ही. मी म्हटलं, अगं, फोन बंद होता कारण. पुढे कारण सांगता येईना. ही म्हणाली, राहू द्या. बाळाचं नाक तुमच्यावर गेलंय. आणि फोन ठेवला.

मग मी रडलो. मी घाबरलो होतो, पहिल्या दिवसापासून. रडताना डोळे पुसता येईनात, तेव्हा लक्षात आलं, धुराचा मास्क लावलेला होता.

१९ ऑक्टोबर, बुधवार.

कारखान्यात गेलो. पडदे उघडले, चौकात उभा राहिलो, बसमध्ये चढलो. सगळ्यांना कळलेलं होतं, वकिलातीने मॅनेजरला कळवलं होतं. एकाने सरकून जागा दिली. तेवढंसुद्धा सहन होईना.

मॅनेजर म्हणाला, बरं झालं, सुखरूप परत आलात. पुढे काही नाही. आयुष्यात एवढं झोंबलं नव्हतं काही.

फक्त येस-सर आनंदात. धावत आला, हातात हात घेतला. साहेब, सापडलात, म्हणाला. त्याचे डोळे खरंच ओले होते. रोज मोजत होता मला. शनिवारपासून जमायच्या जागी प्रत्येक मोजणीत एक कमी सांगायचा आणि प्रोसिजर चालू आहे म्हणायचा. आज दुपारी ड्रिल घेतलं त्याने. मी रांगेत उभा राहिलो. मोजणी बरोबर आली.

नारिंगी बॅग परत द्यायला नेली होती. मावशींनी घेतली नाही. म्हणाल्या, असू द्या साहेब, कधीतरी जालच.

२० ऑक्टोबर, गुरुवार.

फोटो आला. तिकडचे फोन सुरू झाले. जावईबापूही पोचले, मिळेल त्या गाडीने आणि उरलेलं चालत. फोटोत पलंगावर ठकी, तिच्याजवळ बाळ, एका बाजूला जावईबापू, एका बाजूला बायको. बाळाच्या गळ्याशी शिट्टी ठेवलीय गमतीने. खाली ठकीने लिहिलंय: मोजणी पूर्ण.

मी मोजली. बरोबर आहे. पूर्ण आहे.

आकडा काढला. विमानतळ आज उघडला, संचारबंदी उठली. चार. स्वच्छ हिरवा. लगेच हिला फोन लावला. म्हटलं, निर्णय झाला, मी येतो. उद्याच्या फ्लाइटने. नक्की.

ही म्हणाली, आता नको. आता इथे माणसं पुरेशी आहेत.

मग म्हटलं, ठकीला दे ना फोन. पलीकडे कुजबूज झाली. ही म्हणाली, तिचा डोळा लागलाय. लाइन अगदी स्पष्ट होती.

मी फोन ठेवणार, तेवढ्यात ही म्हणाली, अहो, तो ब्रेड मात्र तुम्हीच आणा.

खाली जाऊन आणला. आईने विचारलं, कुणी बघितलं का तुला? म्हटलं, सगळ्यांनी.